अक्कासाठी भाजलेली भाजी

मे महिन्यातला दुसरा शनिवार. हजर: अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी, म्हणजे तिचे यजमान, आणि मी. आले पावणेबाराला, गेले अडीचला. गेल्या दोन वर्षांत माझ्या घरी कोणी पाहुणा जेवायला बसला त्याची ही एवढीच नोंद, म्हणून वेळेसकट लिहून ठेवली.

नोंदी ठेवणं हे माझं कामच आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कुठला नट कुठल्या रॅकवर, कुठलं बेअरिंग कुणी नेलं, कधी परत आणलं, हे सव्वीस वर्षं लिहितेय. लग्न केलं नाही. का नाही केलं हे विचारणारी माणसं आता उरली नाहीत, त्यामुळे उत्तर तयार ठेवावं लागत नाही. पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. चौथा म्हणजे शेवटचा. उन्हाळ्यात दुपारी भिंतीला हात लावला तर तवा आठवतो.

अक्का देवळ्याजवळच्या एका खेड्यात राहते. पस्तीस वर्षं कांद्याच्या शेतीत गेली. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे आणि तो पिकला आहे. मार्चमध्ये तिच्या सुनेनं फोन करून सांगितलं, "मावशी, आई तिखटाच्या डब्यात हळद टाकायला लागल्या." मी त्याच दिवशी नाशिकमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. तपासणीची तारीख या शनिवारची मिळाली. ऑपरेशन झालं की पंधरा दिवस धूळ नको, चुलीचा धूर नको, दर दोन तासांनी थेंब घालायचे आणि अधूनमधून डॉक्टरांना दाखवायचं. खेड्यात हे जमणं कठीण. माझ्याकडे सहज जमण्यासारखं होतं.

मला एवढंच हवं होतं: अक्कानं ऑपरेशन नाशिकला करावं आणि ते पंधरा दिवस माझ्याकडे राहावं. पंधरा दिवस घरात दुसरं माणूस. सकाळी दोन कप चहा.

हे तिला सरळ विचारता येत नव्हतं. त्याचं कारण आईच्या कागदात आहे.

आम्हाला भाऊ नाही. वडील गेल्यावर आईचं कसं करायचं ते मी एका कागदावर आखलं. ऑक्टोबर ते मार्च आई माझ्याकडे, एप्रिल ते सप्टेंबर अक्काकडे. कारणं अगदी व्यवहारी होती. उन्हाळ्यात माझा फ्लॅट तापतो, अक्काचं घर धाब्याचं, मातीचं, भर मेमध्येही गार. थंडीत आईचा दमा वाढायचा, तेव्हा नाशिकचे डॉक्टर जवळ हवेत. अक्का कागद बघून म्हणाली, "आईला काय धान्यावानी वाटून घ्यायचं का गं?" पण मान हलवली. नऊ वर्षं तो कागद बिनचूक चालला. आईनंसुद्धा त्याची सवय करून घेतली होती. मार्च संपत आला की विचारायची, "माझी बदली कधी आहे?"

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, एका मंगळवारी अक्काचा फोन आला. आईला दोन दिवसांपासून बरं नाही, सारखं तुझं नाव काढतेय, येऊन जा. कारखान्यात त्या आठवड्यात ऑडिट होतं. मी म्हटलं, "शनिवारी सुट्टी आहे, पहिल्या गाडीनं येते." इथं थांबले असते तर चाललं असतं. पण पुढे म्हटलं, "आणि अक्का, हे तुझे महिने आहेत. माझ्या महिन्यांत मी बोलावते का तुला?"

मला वाटतं मी ते हसत म्हटलं होतं. पण फोनवर हसणं कितपत पोचतं?

आई गुरुवारी दुपारी गेली.

अक्का त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. नुसते फोन कमी झाले. दिवाळीला एक, संक्रांतीला एक. मी केला की ती उचलायची, "बरं हाय, सगळं बरं हाय" म्हणायची आणि फोन सुनेकडे द्यायची. मी दोनदा देवळ्याला जाऊन आले. दोन्ही वेळा जेवायला वाढलं, दोन्ही वेळा ती स्वतः नंतर बसली. नाशिकला दवाखान्यात यायचं तिनं कबूल केलं हेच मला मोठं वाटलं. "दवाखान्यातून तुझ्याकडं येऊ, जेवून गाडीला लागू," असं दाजींनी कळवलं तेव्हा माझ्या हातात अडीच आठवडे होते.

जेवणात काय करायचं यावर मी बराच विचार केला. अक्काचे खालचे दात गेलेत, कवळी तिला सोसत नाही. म्हणजे भाजी मऊ हवी. शिवाय मी गॅसपाशी उभी राहिले की ती बाहेर दाजींशी बोलणार आणि मी आतून ऐकणार, ते मला नको होतं. म्हणजे भाजी आपली आपण व्हायला हवी आणि मी बाहेर बसायला मोकळी हवी. ओव्हन इथं उपयोगी पडला असता. कारखान्यात पंचवीस वर्षं झाली तेव्हा भेट म्हणून मिळालेला तो ओव्हन ओट्याच्या टोकाला होताच, पण मी त्यात एकदाही काही भाजलं नव्हतं. दार लागतं आणि मुंग्या जात नाहीत, म्हणून त्याचं कपाट करून टाकलं होतं. आतून निघालं ते असं: पाहुण्यांचे सहा चमचे, नागलीचे पापड, दोन मेणबत्त्या, मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि आईच्या कवळीची डबी. डबी कपाटात ठेवली. बाकीच्याला जागा शोधली.

कृती ऑफिसातल्या एका बाईंनी फोनवर पाठवली होती. उन्हाळ्यातल्या भाज्या चकत्या करून थरावर थर लावायच्या, वर मसाला, झाकून भाजायचं. कृतीवर लिहिलं होतं, सहा जणांसाठी. आधी एकदा करून बघावी म्हणून मी ती एकीसाठी काढायला बसले. सहाचं एक करायचं म्हणजे पाव वांगं, पाव दुधीचाही सहावा भाग आणि एक तृतीयांश टोमॅटो. बाजारात पाव वांगं कुणी देत नाही. शेवटी सहा जणांची केली आणि तीन दिवस खाल्ली.

पहिली खेप फसली. दुधीनं आणि टोमॅटोनं इतकं पाणी सोडलं की थर पोहायला लागले. डब्यात नेली तेव्हा शेजारच्या टेबलवरचे म्हणाले, "मॅडम, याला भाजी म्हणायचं का सूप?" पाठवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मीठ लावून ठेवलं नाहीत." लिहिलेलं नव्हतं. मी त्या कृतीवर लाल पेननं लिहून टाकलं.

दुसरी खेप जमली. दुधीच्या आणि गिलक्यांच्या चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवल्या, मग काकडीच्या कोशिंबिरीला पिळतो तशा हलक्या पिळल्या. वांग्याच्या जाड चकत्यांना तेल आणि हळद लावून आधी नुसत्याच दहा मिनिटं भाजल्या आणि काचेच्या भांड्यात तळाशी बसवल्या, म्हणजे वरून येणारं पाणी त्या पिऊन टाकतात. त्यावर कांदा, त्यावर दुधी, गिलकी, ढोबळी मिरची, सगळ्यात वर टोमॅटो. प्रत्येक थरावर शेंगदाण्याचा कूट, ठेचलेला लसूण आणि किंचित काळा मसाला. कृतीत वर पावाचा चुरा होता. मी शिळी बाजरीची भाकरी कुस्करून तेलात चोळली आणि ती पसरली. एकशे ऐंशीवर चाळीस मिनिटं झाकून, दहा मिनिटं उघडी. वरचा चुरा खरपूस झाला, खालचं सगळं चमच्यानं तुटेल असं मऊ. हीसुद्धा तीन दिवस खाल्ली. तिसऱ्या दिवशी टेबलवरचे म्हणाले, "मॅडम, कुकरनं तुमचं काय वाकडं केलं?" पण प्रत्येकानं चमचाभर घेतली.

मग बाकीची तयारी. अक्कासाठी आतल्या खोलीतला पलंग भिंतीपासून ओढला, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरता येईल. न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबरी पायपुसणं आणलं. पंधरा दिवसांची रजा टाकली, तारीख नंतर कळवते म्हटलं. वरिष्ठ म्हणाले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एवढी मागितलीत, घ्या. थेंबांचं वेळापत्रक आखलं, सकाळी सहापासून दर दोन तासांनी, पुढे खूण करायला चौकट, आणि फ्रिजवर चिकटवलं.

शनिवारी सकाळी भांडं साडेअकराला ओव्हनमध्ये ठेवलं. वरण-भात तयार होता, भाकरी करून फडक्यात गुंडाळल्या होत्या. दुसरी भाजी केली नाही. सगळ्याच भाज्या त्या एका भांड्यात होत्या, आणखी कशाला, असा हिशेब.

पावणेबाराला बेल वाजली. आधी दाजी आत आले, खांद्यावर कांद्याचं पोतं. सत्तरीला आलेत, पण पोतं दुसऱ्याला देत नाहीत.

"कसं शे, मेव्हणीबाई? लिफ्ट तुमची लय गुणी हाय. पोतं बघून घाबरली नाय."

"दाजी, एवढे कांदे मी एकटी कधी खाणार?"

"मग एकटं राहायचं कशाला?" ते म्हणाले आणि आपणच हसले.

अक्का दारातच थांबली होती. एका हातानं चौकट धरून, मान थोडी वर करून. मला वाटलं, दम लागलाय.

"काय भाजतीस?" तिनं विचारलं.

"आत ये, कळेल."

तिनं चपला काढल्या. वेळ लावला काढायला. तिला वास आवडला असं मला वाटलं आणि मी खूश झाले.

पाणी दिलं, सरबत दिलं. दवाखान्यात काय झालं ते दाजींनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत करून टाका. पंचवीस तारखेची जागा धरून ठेवली आहे, सोमवारी हो की नाही कळवा. माझ्याकडे ओव्हनची उरलेली मिनिटं होती आणि बोलायचं तेवढ्यात होतं. पण विषय निघेना. उन्हाळ कांदा यंदा कसा आला, साठवणीच्या चाळीत किती भरला, सुनेची गाय व्यायली, हे सगळं झालं. अक्का ऐकत होती आणि खोली बघत होती, म्हणजे उजव्या डोळ्यानं बघत होती, मान वळवून वळवून. आतला पलंग तिला दिसला असावा. मग उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजसमोर उभी राहिली. कागदाला नाक लागेल एवढी जवळ.

"हे काय लावलंय?"

"थेंबांच्या वेळा."

"कुनाच्या?"

"तुझ्या. म्हणजे, झालं तर."

अक्कानं बोटानं चौकटी चाचपल्या. "म्हणजे तू ठरवून मोकळी झालीस," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता. मी म्हटलं, "नुसतं आखून ठेवलंय." तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली.

भांडं मी मधोमध आणून ठेवलं. चुरा मस्त लाल झाला होता, कडेनं तेल सुटलं होतं. दाजी वाकून बघायला लागले.

"आमच्या गायीपुढं रोज हेच टाकतो आम्ही. एवढंच की भाजत नाय."

"तुमची गाय कूट-लसूण घालून खात नसेल."

"सांगतो तिला आज."

अक्काच्या ताटात वरण-भात वाढला होता. मी पहिला मोठा चमचा तिच्यासाठी काढला.

"ह्यात काय काय हाय?" तिनं विचारलं.

मला सांगायला आवडलंच. "वर टोमॅटो, मग मिरची, गिलकी, दुधी, त्याखाली कांदा. आणि सगळ्यात खाली वांगं. वांग्यावरच सगळं उभं आहे."

अक्कानं ताटावर हात आडवा धरला. "मला नको."

"अगं, लोण्यासारखी मऊ आहे. चावायलाच लागत नाही. दोनदा करून बघितली मी."

"नको म्हनलं ना, बारके."

"थोडी चव तरी."

हात तसाच राहिला. चमच्यातून तेलाचा थेंब तिच्या मनगटावर पडला, तरी काढला नाही. आणि मी, जी दोन वर्षं तोंडातून शब्द जपून काढत होते, ती म्हणाले, "सरळ सांग ना, माझ्या हातचं नकोय."

दाजींनी घास खाली ठेवला. "तसं नाय हो. वांगं सोडलंय तिनं."

"तुमी गप बसा," अक्का म्हणाली.

"का गप बसू? त्यांना ठाऊक नाय का? त्यांच्या म्होरंच सोडलं रामकुंडावर."

माझ्यासमोर. मी चमचा हातात धरून आठवायला लागले.

आईच्या अस्थी घेऊन अक्का, दाजी आणि घरची माणसं नाशिकला आली होती. सगळी व्यवस्था माझ्याकडे. गाडी कुठे लावायची, गुरुजी कुठे भेटतील, ओले कपडे कशात न्यायचे, नंतर नाश्ता कुठे. रामकुंडावर गर्दी होती. मी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि फोन सांभाळत उभी होते. कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. खाली अक्का पाण्यात, दाजी तिच्या मागे, गुरुजी काहीतरी विचारतायत, अक्का मान हलवतेय, ओंजळ सोडतेय. वीस-पंचवीस पायऱ्यांचं अंतर. मी चपलांचे जोड मोजत होते, अकरा होते. आईच्या नावानं एखादी भाजी सोडायची असते, मुलींना विचारतात, हे मला माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही, कारण मी खाली गेलेच नाही.

"वरचं वरचं काढून देते," मी म्हटलं. "टोमॅटो, दुधी. वांगं तळाला आहे."

"सगळ्यांचा रस एक झाला त्यात. आता काढून काय उपेग?" अक्का म्हणाली. मग तिलाच काहीतरी वाटलं असावं. "वरनभात पुरे मला. लोनचं दे थोडं. तू बस जेवाया."

मी बसले नाही. आत गेले, कढई ठेवली, फोडणी केली, डाळीचं पीठ कालवायला घेतलं. पिठलं सात मिनिटांत होतं. हाताला काम असलं की मला बरं वाटतं. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. अक्का येऊन बसली होती. बाहेर दाजी एकटेच जेवत होते, चमच्याचा आवाज येत होता.

"बुधवारी आईनं भरीत मागितलं व्हतं," अक्का म्हणाली.

मी पीठ कालवत राहिले.

"दोन दिवस काय खात नव्हती. अन बुधवारी सकाळी म्हनली, भरीत कर. वांगी शेतातच व्हती, दहा पावलांवर. मी म्हनलं, आई, शनवारी बारकी येती, तव्हा करू. दोघी संगं खा. तिला तुझ्यासंगं जेवाया आवडायचं. मी कामात ऱ्हायची, तू बसून गप्पा मारायची तिच्याशी. तर ती म्हनली, बरं. शनवारी कर."

फोडणी करपायला लागली. मी गॅस कमी केला.

"तव्हाच करायला पाहिजे व्हतं मी. दहा पावलं. चूल पेटलेली व्हती. म्हून सोडलं वांगं. तुझ्यावर राग म्हून नाय सोडलं."

आता माझी वेळ होती. काय म्हणायचं तेही मला स्पष्ट ठाऊक होतं: अक्का, मी मंगळवारीच यायला हवं होतं, चूक माझी आहे, तुझी नाही. इतकंच. दोन वर्षं ते वाक्य माझ्याकडे तयार होतं, शब्दांच्या क्रमासकट.

मी म्हटलं, "पिठलं घट्ट करू का पातळ?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. उजव्या डोळ्यानं.

"पातळ," ती म्हणाली. "दात नाय मला."

जेवणं झाली. तिनं पिठलं दोनदा घेतलं. दाजींनी भाजी तीनदा घेतली आणि तिसऱ्या वेळी, "मस्त शे, पण आमच्या घरी हिचं नाव काढू नका, मला रोज मागावी वाटंल," असं म्हणून बायकोकडे बघितलं. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. हात धुताना दाजींनीच ऑपरेशनचा विषय काढला.

"मग पंचवीस तारखेचं काय सांगायचं दवाखान्यात?"

"मालेगावला करू," अक्का म्हणाली. "सून नेईल, आनील. हिला हापिस हाय."

"मी रजा टाकलीय," मी म्हटलं. "पंधरा दिवसांची. मंजूर झाली."

"मला इचारायच्या आधी?"

"विचारणारच होते."

"इचार की मग."

मी म्हटलं, "राहशील का?" आणि लगेच पुढे, "इथं सगळी सोय आहे, दवाखाना वीस मिनिटांवर, थेंब वेळेवर पडतील, धूर नाही." मी कारणं सांगत सुटले. सगळी खरी होती. आईच्या कागदातलीही खरीच होती. अक्कानं पदराला हात पुसले, म्हणाली, "बघू," आणि चपला शोधायला लागली.

रिक्षानं स्टँडवर सोडायला गेले. देवळ्याची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधी अक्कानं खिडकीतून सांगितलं, "कांदा पोत्यात ठेवू नको. पसर. घामला तर सडंल." मी हो म्हटलं. गाडी वळली तेव्हा तिनं हात केला का, ते उन्हामुळे दिसलं नाही.

घरी आले. भांड्यात अर्ध्याहून जास्त भाजी उरली होती. कांदा बाल्कनीत पसरायला जागा कमी पडली, म्हणून उरलेला आतल्या खोलीत, पलंगाच्या दोन्ही बाजूंना पसरला. संध्याकाळी भाजी खाल्ली. थंड झाल्यावर वांग्याचा वास जास्त येतो, आधीच्या दोन खेपांना लक्षात आलं नव्हतं. भाजी चांगली झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. दोन दिवसांत एकदाच फोन वाजला, गॅसवाल्याचा.

आज सोमवार. डब्यात उरलेली शेवटची भाजी होती. शेजारच्या टेबलवरच्यांनी डबा बघून विचारलं, "काय मॅडम, पाहुणे येऊन गेले वाटतं?" मी हो म्हटलं. "आवडली का त्यांना?" मी म्हटलं, एकानं तीनदा घेतली. हे खोटं नव्हतं.

सव्वाअकराला दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला होता. पंचवीस तारीख ठेवायची की सोडायची? मागे बरेच पेशंट थांबलेत. मी पाचपर्यंत सांगते म्हटलं. मग अक्काच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आई काहीच बोलत नाहीत. मालेगावचं विचारलं तरी बघू म्हणतात. तुम्हीच बोला ना त्यांच्याशी. दुपारी घरीच आहेत, एकट्या." म्हणजे अक्कानं माझ्याकडे राहायला नाही म्हटलेलं नाही आणि मालेगावला हो म्हटलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागे, जिथे कुणी येत नाही तिथे बसून हे लिहितेय. फोनवर तारखेचं आधी विचारायचं नाही, सोयी सांगायच्या नाहीत, रजेचं बोलायचं नाही. आधी त्या मंगळवारचं बोलायचं. ती काय म्हणते ते ऐकायचं. काही म्हणाली नाही तरी थांबायचं. मग जमलं तर तारीख.

दोन वाजून दहा मिनिटं झालीत. नंबर काढलाय. लावायचा आहे.